ढेपेतला बीटी जीन दुधातून लेकरांच्या रक्तात जातो का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकार भावाचा आहे. थोडक्यात असा: घरच्या गाईंना सरकीची ढेप, म्हणजे पेंड, घालतो, ढेप बीटी कपाशीचीच असते (म्हणजे अळी मारणारा एका जिवाणूचा जीन घातलेल्या कपाशीची), आणि दूध घरातली लेकरं पितात. गावात मोबाईलवर एक मजकूर फिरतोय की हजार माणसांच्या रक्तात पिकांचे जीन सापडले आणि शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केलं. त्यातच शाळेतल्या तपासणी शिबिरात मुलीचा सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट ‘एएस’ आला, आणि हे बीटीमुळंच झालं असं कुणीतरी सांगितलं. मग ढेप बंद करायची का, दूध बंद करायचं का, रक्तातला बीटी तपासून मिळतो का, आणि सरकीच्या तेलाचं काय?

भाऊ, आधी मुलीचं बोलू. ते मिटल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. सिकलसेल बीटीमुळे होत नाही. ढेपेमुळे नाही, दुधामुळेही नाही. जीन म्हणजे डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली, एखादं प्रथिन बनवायची कृती. आपल्या ११व्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तातल्या लाल प्रथिनाच्या, बीटा साखळीचा जीन असतो. त्या जीनमध्ये ठरलेल्या एकाच जागी ‘ए’ या अक्षराऐवजी ‘टी’ आलेलं असतं. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं. सिकलसेल म्हणजे एवढाच बदल. तो आपल्याच जीनमधला आहे, बाहेरून येऊन चिकटलेला तुकडा नाही. गडचिरोलीतल्या रुग्णात, नंदुरबारमधल्या रुग्णात आणि आफ्रिकेतल्या रुग्णात तो तंतोतंत त्याच जागी असतो. पिकाचा जीन रक्तात शिरून हे झालं असतं, तर प्रत्येकाच्या पेशीत तेच एक अक्षर नेमकं बदलण्याचं काही कारणच नव्हतं.

तारखाही पाहा. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातल्या नोंदी १९५८मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. बीटी कपाशीला आपल्या देशात परवानगी मिळाली मार्च २००२मध्ये. तुमच्या मुलीला हा बदल तुमच्याकडून नाहीतर तिच्या आईकडून आला, आणि तुम्हा दोघांपैकी ज्याच्याकडून आला त्याला तो आजी-आजोबांच्याही मागून आलेला आहे.

‘एएस’ म्हणजे ती वाहक आहे, आजारी नाही. खेळेल, शिकेल, वावरातही काम करेल. शिबिरात बहुतेकदा आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात. ती नुसती ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते, वाहक की ग्रस्त हे सांगत नाही. म्हणून रिपोर्टवर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर जिल्हा रुग्णालयात ती तपासणी करून घ्या. तुमची दोघांची आणि बाकीच्या लेकरांचीही करून घ्या. तुम्ही दोघंही ‘एएस’ निघालात तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे ग्रस्त, असण्याची शक्यता चारात एक असते. मुलीच्या लग्नाच्या वेळी मुलाची तपासणी झालेली असणं, हे तिच्यासाठी पुढे कामाचं आहे. आणखी एक सांगते. असे रिपोर्ट आले की घरात आईला बोल लावले जातात, हे मी फार वेळा पाहिलंय. तसं होऊ देऊ नका. वाहक बाप असतो, आई असते, कधी दोघंही असतात, आणि कुणीही ते मागून घेतलेलं नसतं.

आता रक्तातल्या परक्या जीनकडे येऊ.

आपण खातो त्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत डीएनए असतो. तुरीच्या वरणात तुरीचा, ज्वारीच्या भाकरीत ज्वारीचा, आंबाडीच्या भाजीत आंबाडीचा, मटणात बोकडाचा. माणूस दिवसाला साधारण एक दशांश ग्रॅम ते एक ग्रॅम डीएनए अन्नातून खातो. बीटी आणि गावरान यात या बाबतीत फरक नाही, दोन्हीचा डीएनए त्याच चार अक्षरांचा बनलेला. शिजवताना त्या लांब धाग्याचे तुकडे पडायला सुरुवात होते. जठरातलं आम्ल त्याची आणखी मोडतोड करतं. मग स्वादुपिंडातून येणारी डीएनेज नावाची विकरं त्याचे बारीक तुकडे करतात, आणि शेवटी आतड्याच्या अस्तरात त्यांची सुटी अक्षरं होतात. ती अक्षरं रक्तात शोषली जातात. युरिक ॲसिड वाढलेल्या रुग्णाला डॉक्टर कलेजी आणि मटण कमी करायला सांगतात, कारण अन्नातल्या डीएनएमधल्या आणि त्याच्या भाऊबंद आरएनएमधल्या प्युरीन नावाच्या घटकाचं शेवटी युरिक ॲसिड होतं. म्हणजे अन्नातला डीएनए रोजच तुमच्या-माझ्या रक्तात येतो, पण पूर्ण मोडून येतो. तुमचा प्रश्न न मोडलेल्या तुकड्यांबद्दल आहे.

असे थोडे तुकडे निसटतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनीत कोलोन इथे वॉल्टर डॉर्फलर यांच्या गटाने १९९०च्या दशकात यावर चिकाटीने काम केलं. त्यांनी उंदरांना एम१३ नावाच्या जिवाणूभक्षक विषाणूचा शुद्ध डीएनए खाऊ घातला. हा डीएनए निवडला कारण उंदराच्या स्वतःच्या डीएनएशी त्याची गल्लत होत नाही. १९९४मध्ये त्यांनी छापलं की खाल्लेल्या डीएनएपैकी दोन ते चार टक्के आतड्यात काही तास टिकतो आणि दहा हजारात एक ते हजारात एक एवढा हिस्सा दोन ते आठ तासांच्या दरम्यान रक्तात सापडतो. पुढे पांढऱ्या पेशींत, यकृतात, प्लीहेत, आणि १९९८च्या कामात गाभण उंदरांच्या गर्भातल्या काही पेशींतही तुकडे दिसले. हा पुरावा मी हलका मानत नाही. त्याच गटाने नंतर, २००१मध्ये, उंदरांना पिढ्यामागून पिढ्या, आठ पिढ्यांपर्यंत, परका जीन रोज खाऊ घातला. तो पुढच्या पिढीत वारशाने गेला नाही आणि शरीरात कुठे काम करतानाही दिसला नाही. मोबाईलवरच्या मजकुरात या कामाचा पहिला भाग येतो, दुसरा गळतो.

तुकडा रक्तात सापडणं आणि जीन शरीरात काम करणं, या दोन गोष्टींच्या मध्ये फार मोठं अंतर आहे. पऱ्हाटीची मोडकी काडी वावरात पडली म्हणून तिला बोंड लागत नाही. जीनला काम करायचं तर तो पूर्ण हवा, त्याच्या आधी तो चालू करणारा प्रवर्तकाचा भाग शाबूत हवा, तो पेशीत आणि पेशीच्या केंद्रकात पोचायला हवा आणि आपल्या गुणसूत्रात नीट जोडला जायला हवा. विषाणूंकडे हे जोडणीचं यंत्र असतं, म्हणून आपल्या जीनसंचाचा सुमारे आठ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहेत. भाकरीतल्या तुकड्याजवळ असं यंत्र नसतं. आणि एखादा तुकडा आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरलाच, तरी ते अस्तर तीन ते पाच दिवसांत गळून नवं येतं.

मग हजार माणसांच्या रक्ताचं काय? तो अभ्यास खरा आहे. २०१३मध्ये छापून आला, हंगेरीतल्या शांडोर श्पिशाक यांचं नाव त्यात पहिलं आहे. चार वेगवेगळ्या अभ्यासांतल्या हजाराहून अधिक नमुन्यांच्या डीएनए वाचनात त्यांनी वनस्पतींची अक्षरं शोधली आणि ती सापडली. एका नमुन्यात तर वनस्पतीचा डीएनए माणसाच्या डीएनएपेक्षा जास्त निघाला. पूर्ण जीन मावतील एवढे मोठे तुकडे अन्नातून रक्तात येऊ शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मजकूर लिहिणाऱ्याने तिथेच वाचन थांबवलं.

माझी बरीच वर्षं रक्तातला डीएनए वाढवून वाचण्याच्या कामात गेली, त्यामुळे इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

रक्तातून पेशी काढून टाकल्या की जो पिवळसर द्रव उरतो, त्या प्लाझ्मात मोकळा डीएनए असतो. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मात तो काही नॅनोग्रॅम एवढाच असतो, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात मोजायचा. त्याचे बहुतेक तुकडे १६६ अक्षरांच्या आसपासचे असतात आणि काही मिनिटं ते एक-दोन तासांत ते साफ होतात. एवढ्या कमी मालावर काम करायचं म्हणून आम्ही त्याच्या लाखो-कोट्यवधी प्रती काढतो. याच पद्धतीने डेनिस लो या संशोधकांनी १९९७मध्ये आईच्या प्लाझ्मात गर्भाचा डीएनए दाखवला, आणि आज गरोदर बाईच्या हातातून रक्त काढून गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी होते ती त्यातूनच निघाली. पण यंत्र तुमच्या रक्ताचं आणि नळीत पडलेल्या धुळीचं वेगळं मोजमाप करत नाही. नळीत जे असेल ते सगळं वाढतं.

म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत रसायनं मिसळण्याची खोली वेगळी, नमुना घालण्याची वेगळी आणि वाढलेला डीएनए उघडण्याची वेगळी असते. तिसऱ्या खोलीतला ॲप्रन पहिल्या खोलीत येत नाही. प्रत्येक खेपेला एका नळीत रक्ताऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालून ती बाकीच्यांबरोबरच सगळ्या पायऱ्यांतून नेतात. त्या कोऱ्या नळीत काही उगवलं, तर त्या दिवशीची पूर्ण खेप टाकून द्यायची, मग रुग्ण बाहेर कितीही खोळंबलेले असोत. नवशिक्यांना हे जाचक वाटतं. माझ्या मते कोऱ्या नळीचा निकाल न दाखवणाऱ्या रिपोर्टला किंमत देऊ नये.

आता आपल्या भागाचा विचार करा. दिवाळीनंतर जिनिंगच्या गावात खिडकीच्या जाळीला रुई चिकटलेली असते, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांचा पाला उडतो, अंगणात तूर झोडपली जाते. तिथे बसून रक्त काढायचं, नळी क्षणभर उघडायची, आणि मग त्यात कपाशीचा किंवा तुरीचा डीएनए शोधायचा. सापडेलच. त्या माणसाने सकाळी काय खाल्लं याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. त्यातही हिरव्या पेशीतल्या हरितलवकाचा डीएनए पहिल्यांदा सापडतो, कारण पानाच्या एका पेशीत त्याच्या हजारो प्रती असतात. परागकण आणि पाल्याची धूळ सगळीकडे असते, पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित प्रयोगशाळेतही. आम्ही वापरतो ती विकरं आणि रसायनंसुद्धा कारखान्यात बनतात, आणि त्यांच्यातही परके अंश असतात.

निर्जंतुक केलेलं साहित्य वापरलं म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. जर्मनीतल्या एका प्रकरणाने हा समज कायमचा मोडला. तिथे वर्षानुवर्षे चाळीसेक गुन्ह्यांच्या जागी एकाच अनोळखी बाईचा डीएनए सापडत होता. खून, घरफोड्या, कशाचा कशाला मेळ नाही. हाइलब्रोन शहरात २००७मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथेही तीच. पोलीस तिच्या मागे धावत राहिले. २००९मध्ये उलगडा झाला: नमुने टिपायच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात तयार होत, तिथल्या एका कामगार बाईचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक होत्या. निर्जंतुक केल्याने जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो.

२०१४मध्ये रिचर्ड लस्क या संशोधकाने हीच शंका अन्नातल्या जीनच्या दाव्याला लावून पाहिली. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतलं डीएनए वाचन त्यांनी तपासलं. नमुन्यात मूळ डीएनए जितका कमी, तितका परका डीएनए जास्त, असं त्यांना दिसलं. कोरी नळी जोरदार भेसळ पकडते, पण एखाद-दुसऱ्या नळीत पडलेली बारीक भेसळ तिच्याही हातून सुटते. श्पिशाक यांच्या अभ्यासातली सगळी निरीक्षणं केवळ बाहेरच्या भेसळीनेही समजावून सांगता येतात, असं त्यांनी दाखवलं. नमुने हजार असले तरी तेवढ्याने दावा पक्का होत नाही, कारण हजारही त्याच तऱ्हेने मळू शकतात. प्लाझ्मात इतका कमी डीएनए असतो की त्यात वनस्पतीचा हिस्सा जास्त निघाला, तर मला पहिल्यांदा नळीचीच शंका येईल.

माझं मत विचाराल तर काही बारीक तुकडे खरोखर आतड्याची भिंत ओलांडत असतील. जनावरांत ते दिसलंय आणि माणूस त्यातून सुटलेला असायचं कारण नाही. पण २०१३च्या त्या आकड्यांवर मी विसंबणार नाही. मला पटवायचं असेल तर उपाशी माणसाचं रक्त घ्या, मग त्याला एखादा ठरावीक पदार्थ खाऊ घाला जो त्या प्रयोगशाळेच्या आसपास कुठे पिकत नाही की शिजत नाही, आणि दर तासाला रक्त घेऊन त्या पदार्थाचा डीएनए चढताना आणि उतरताना दाखवा. बाजूला कोऱ्या नळ्या ठेवा आणि तेच काम दुसऱ्या प्रयोगशाळेत, नमुना कुणाचा हे न सांगता, करून घ्या.

भंडारा-गोंदियाकडचे लोक भाताबद्दल विचारतात ते याच्याच शेजारचं. २०११मध्ये चीनमधल्या नानजिंग विद्यापीठाच्या गटाने सांगितलं की तांदळातला एमआयआर१६८ए नावाचा आरएनएचा अगदी छोटा तुकडा माणसाच्या रक्तात सापडतो आणि यकृतात जाऊन कोलेस्टेरॉलच्या कामात ढवळाढवळ करतो. खळबळ उडाली. २०१३मध्ये तो प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना तसं आढळलं नाही. त्यातला एक अभ्यास बियाणे कंपनीच्या लोकांचा होता, तो हवं तर बाजूला ठेवू. पण कंपनीशी संबंध नसलेल्या विद्यापीठांतल्या गटांनाही, एकाला उंदरांत आणि एकाला माकडांत, भरवशाचं काही मिळालं नाही. आपला रोजचा भात सोडायला हा आधार पुरत नाही.

आता नेमकं बीटीचं. कपाशीत घातलेला क्राय१एसी हा जीन मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस जिवाणूचा. तो पेशीत एक-दोन प्रतींत असतो, हरितलवकाच्या डीएनएसारखा हजारोंनी नाही. म्हणून पिकाचा कुठलाही तुकडा दुधात वा रक्तात शोधताना आधी हरितलवकाचा सापडतो आणि घातलेला जीन बहुतेक वेळा सापडतच नाही. युरोपात २०००च्या दशकाच्या सुरुवातीला गाईंना जीन बदललेला मका आणि सोयाबीनची पेंड खाऊ घालून हे तपासलं गेलं. २००३च्या एका ब्रिटिश अभ्यासात रुबिस्को या हरितलवकातल्या जीनचे बारीक तुकडे दुधात आणि रक्तात मिळाले, घातलेला जीन दोन्हींत मिळाला नाही. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटात, जिवाणूंच्या त्या भट्टीत, फार थोडं शाबूत राहतं.

माणसांवरचाही एक प्रयोग तुम्हाला सांगायला हवा, कारण तो बीटीविरोधी मंडळी अर्धा सांगतात आणि बीटीवाले सांगतच नाहीत. २००४मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेने मोठं आतडं काढलेल्या सात जणांना जीन बदललेल्या सोयाचं जेवण दिलं. अशा लोकांचं लहान आतडं पोटावर लावलेल्या पिशवीत उघडतं. त्या पिशवीत, सोयात घातलेल्या जीनचा जास्तीत जास्त ३.७ टक्के हिस्सा टिकलेला मिळाला. सातांपैकी तिघांच्या लहान आतड्यातल्या जिवाणूंत तो जीन अत्यल्प प्रमाणात आढळला, आणि तो या जेवणाच्या आधीपासून असावा असं संशोधकांचं म्हणणं होतं. आतडं पूर्ण असलेल्या १२ निरोगी लोकांच्या विष्ठेत काहीच उरलं नव्हतं. लहान आतड्यापर्यंत थोडा डीएनए टिकतो, पुढे संपतो. जिवाणूंचा भाग मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर लक्ष ठेवायलाच हवं, पण तो तुमच्या रक्ताचा प्रश्न नाही.

बीटी प्रथिनाचीही भीती असेल. ते अळीच्या आतड्यात चालतं, कारण तिथे अल्कली असतं आणि ज्याला ते चिकटतं ती खास प्रथिनं तिथे असतात. आपलं जठर आम्लाचं, तिथे ते प्रथिन लवकर पचतं. गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली, २०१७मध्ये ते आपण सगळ्यांनी भोगलंय. बीटीचा भाव, बियाण्याचा एकाधिकार, अळीची वाढलेली ताकद, या सगळ्यांवर कास्तकाराने भांडावं. रक्तातल्या जीनचा मुद्दा त्या भांडणात आणला की बाकीचे खरे मुद्देही हसण्यावारी नेले जातात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

ढेपेतून दुधात येणारी जी गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते, ती वेगळीच आहे. पावसाळ्यात पोत्यात दमट राहिलेल्या ढेपेला बुरशी धरते, आणि ॲस्परजिलस जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन बी१ तयार होतं. हा रेणू डीएनएसारखा पचून जात नाही. तो आतड्यातून रक्तात जातो, गाईच्या यकृतात त्याचं अफ्लाटॉक्सिन एम१ होतं, आणि बुरशीची ढेप खाल्ल्यानंतर साधारण एका दिवसात ते दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. यकृताच्या कर्करोगाशी बी१चा संबंध पक्का आहे, म्हणून एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने दुधात एम१ची मर्यादा एका किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ढेप बंद करू नका, पण काळपट, हिरवट, कुबट वासाची, गोळे झालेली ढेप गाईला घालूच नका, अर्धी चांगली ढेप मिसळूनही नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा आणि महिन्याभराला लागेल तेवढीच आणा. चुकून गेलीच असेल तर ढेप बदलल्यावर काही दिवसांत दूध स्वच्छ होतं. तोवर ते दूध लहान लेकरांना देऊ नका.

सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्यही असतं. मोठ्या गाईच्या पोटात ते बऱ्यापैकी बांधलं जातं, वासराला मात्र ती सोय अजून आलेली नसते. वासरांना सरकी किंवा सरकीची ढेप देऊ नका, त्यांच्यासाठी शेंगदाण्याची पेंड घ्या, तीही बुरशी नसलेली.

आणि फवारणी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते विष अंगावरून, श्वासातून सरळ रक्तात गेलं. ऑर्गनोफॉस्फेट औषधं रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात, आणि ते साध्या रक्ततपासणीत मोजता येतं. तुम्ही स्वतः फवारत असाल, तर हंगामाआधी एकदा ही तपासणी करून तो आकडा जपून ठेवा. पुढे गरगरलं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, लाळ सुटली, तर डॉक्टरला तुलना करायला तो आकडा लागतो. रक्तात बाहेरचं काही गेलंय का, हे तपासण्यावर पैसे घालायचे असतील तर माझ्या मते ते इथे घाला.

‘रक्तातला बीटी जीन’ तपासून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर पैसे देऊ नका. रुग्णासाठी अशी कोणतीही मान्यताप्राप्त तपासणी नाही. वर सांगितलेल्या कारणांमुळे तिचा निकाल ‘आहे’ आला काय आणि ‘नाही’ आला काय, त्यावरून तुमच्या तब्येतीबद्दल काहीच ठरवता येणार नाही.

सरकीचं तेल राहिलं. सरकीचं कच्चं तेल गॉसिपॉलमुळे खाण्याजोगं नसतं, म्हणून ते शुद्ध करूनच विकतात. त्या प्रक्रियेत प्रथिन आणि डीएनए जवळजवळ सगळा निघून जातो, इतका की तेल कोणत्या जातीच्या सरकीचं हे त्यातल्या डीएनएवरून ओळखणं प्रयोगशाळेलाही जड जातं. बीटीच्या भीतीने ते बंद करायची गरज नाही. जवस किंवा शेंगदाण्याचं तेल चवीला आवडत असेल तर ते जरूर वापरा, आणि तळणीचं काळं झालेलं तेल, कुठलंही असो, पुन्हा कढईत घालू नका.